मला डायरेक्ट करणारा शहाणा

मी एक जुना डीबी आहे, असं म्हणायचीही सोय नाही, मित्रांनो. वय अवघं दोन वर्षं आणि पडलोय भंगाराच्या पोत्यात! डीबी म्हणजे भिंतीतला स्विचांचा डबा. तुमच्या घरातही असेल आणि त्याच्यापुढं तुम्ही कपाट ढकललं असेल. चांगला ओळखून आहे मी तुम्हाला.

विट्याजवळ नाथाजीशेठचं घर. शेठ कोईमतूरला सोनं गाळायचा, म्हणजे गलाईचा धंदा करतात, जत्रेला गावी येतात. त्यांच्या आईला, हरणाबाईंना, खालची ओल सोसेना, म्हणून वर दोन खोल्या आणि न्हाणीघर बांधलं. तिथली वीज वाटायला बादशहा वायरमननं मला बसवलं. हाताचा साफ माणूस! एकेक वायर त्यानं ओढून पाहिली. मग म्हणाला, "आवं शेठ, अर्थिंगला अंगणात खड्डा घ्यायला पायजे."

"नवी फरशी फोडू व्हय? ऱ्हाऊ दे."

"मग ह्यो मोठा स्विच तरी कवा काढू नका. वीज कुठं गळाली, तर ह्योच खटकन खाली पडून वीज तोडतोय आन् माणूस वाचीवतोय."

शेठ नुसतं "बरं" म्हणाले. मला तेव्हाच त्यांचा राग आला होता.

यंदाच्या जत्रेत गीझर बिघडला आणि वीज गळू लागली. मी खटकन पडलो. शेठनं वर केलं, मी पुन्हा पडलो. सकाळभरात सात वेळा! पाहुण्यांसमोर शेठचा पारा चढला. बादशहानं फोनवर सांगितलं, "गीझर बंद ठेवा, सांच्याला येतो." पण गलाईवाल्याची खोड अशी, की सोन्याचा रस चढला की भट्टी थांबवायची नाही, काही होवो. तीस वर्षं आगीशी खेळलेला माणूस विजेला कशाला भिईल?

"लय बघितल्यात असल्या भट्ट्या," म्हणत शेठनं खालचा मेन बंद केला, पक्कड घेतली आणि मला वगळून वायर डायरेक्ट जोडली. बादशहाला येऊ नको म्हणून कळवलं आणि वर हसून म्हणाले, "आता पड बघू!"

अरे शहाण्या, मी पडत होतो तुझ्या आईसाठी!

दुसऱ्या दिवशी सकाळी हरणाबाईंनी नळाला ओला हात लावला. हात चिकटला. त्यांची किंकाळी ऐकून सून अंजना जिना उतरत धावली आणि तिनं मेन ओढला. म्हातारी वाचली, पण उजव्या हाताची बोटं भाजून आखडली. आता त्यांना भाकरी थापता येत नाही. आणि दोष कुणाला? मला! "डबाच भिकार," म्हणत शेठनं मला भिंतीतून उपटलं.

काल बादशहानं नवा डीबी आणला. आधी अंगणात खड्डा घ्यायला लावला, मगच हत्यारं काढली. शेठनं पहिला प्रश्न काय विचारावा? "ह्यो सारखा पडत न्हाई न्हवं?"

जिन्यात बसलेल्या हरणाबाई म्हणाल्या, "पडू दे रं नाथा. दिसाला धा येळा पडू दे. मी बसंन अंधारात."

शेठची मान खाली गेली. जाऊ दे गेली तर!

मित्रांनो, डबा पडला की आधी बिघाड शोधा. आणि कुणी शहाणा पक्कड घेऊन उठलाच, तर घर डोक्यावर घ्या, मग तो तुमचा बाप का असेना.