नायकाचं नाव काय ठेवू?

पक्षाघाताच्या झटक्यात दादाचा उजवा हात गेला आणि वाचाही गेली. नुसत्या आवाजाच्या जरबेवर तलावातली सगळी पोरं पाण्याबाहेर काढणारा हा पोहण्याचा मास्तर. आता घोटभर पाणी हवं असलं तरी डाव्या हाताने पलंग बडवायचा. व्यायाम द्यायला येणाऱ्या बाईंनी सुचवलं की व्हिडिओ गेम खेळू द्या, बटणं दाबून दाबून बोटं सुटतील. धाकट्या भावाने दुसऱ्याच दिवशी स्वतःचा गेम आणून टीव्हीला जोडून दिला. वहिनीचे डोळे भरून आले.

तलवारी, राक्षस, हरवलेलं राज्य असला लांबलचक गेम होता. सुरुवातीलाच पडद्यावर प्रश्न आला: नायकाचं नाव काय?

"तुझंच टाकतो," धाकटा म्हणाला. दादाने होकारार्थी मान हलवली. वहिनी लघवीची पिशवी रिकामी करायला आत गेली होती. धाकट्याने एकेक अक्षर निवडून लिहिलं, 'मुतऱ्या'.

दादाने पडद्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे.

हे नाव मूळचं धाकट्याचं. चांगला मोठा होईपर्यंत तो अंथरूण ओलं करायचा. घरात एकच गेम होता आणि नावं टाकण्याचा मान थोरल्याचा. स्वतःच्या नायकाला तो सम्राट, वज्र, सेनापती म्हणायचा. धाकट्याच्या नायकाला मात्र हेच नाव, आणि वर गल्लीतली पोरं जमवून गेममधल्या गावकऱ्यांचे त्या नावाचे संवाद मोठ्याने वाचून दाखवायचा. पोरांनी ते नाव शाळेत नेलं, शाळेतून ते कॉलेजात गेलं. पुढे धाकट्याचं लग्न ठरत असताना दादाने मुलीकडच्यांसमोर गंमत म्हणून तो किस्सा सांगितला. सगळे हसले, ती मुलगीसुद्धा. ते लग्न झालं नाही, आणि नंतर कुठलंच झालं नाही.

धाकट्याने 'ठीक' दाबलं. हा नवा गेम टाकलेलं नाव बोलूनही दाखवायचा. पांढऱ्या दाढीचा प्रधान कमरेत वाकून म्हणाला, "मुतऱ्या, या राज्याची शेवटची आशा तूच."

वहिनी दारातच थबकली. हे काय भलतंच, म्हणाली.

"आमचं लहानपणीचं नाव आहे, वहिनी. दादाला फार आवडायचं."

यात खोटं एक अक्षर नव्हतं. दादा घशातून काहीतरी ओरडला. वहिनीला वाटलं, आनंद झाला. कितीतरी दिवसांनी ती मनापासून हसली.

दादा खेळला, कारण बोटं परत हवी होती. आधी अंगठा हलू लागला, मग तर्जनी. त्याची चिमुरडी लेक शेजारी बसून टाळ्या पिटायची आणि लाडात आली की बाबाला त्याच नावाने हाक मारायची. वहिनीही मारू लागली, पिशवी बदलताना, मायेने. धाकट्याला वाटलं होतं, एकदा ऐकलं की जीव थंड होईल. तो झाला नाही. आपलं चष्म्यांचं दुकान लवकर बंद करून तो रोज ऐकायला येऊ लागला.

एका संध्याकाळी दोघे भाऊच घरी होते. दादाने खेळ थांबवला आणि बराच वेळ जबडा हलवून दोन शब्द जुळवले. "नाव... बदल."

"मधेच बदलता येत नाही, दादा. हवं तर पहिल्यापासून खेळू. पण नाव मीच टाकणार."

दादाने हातातला कंट्रोलर खाली सोडला. पुन्हा उचलला नाही. वहिनीने विनवण्या केल्या, व्यायामाच्या बाई रागावल्या. कारण विचारलं की तो भिंतीकडे तोंड फिरवायचा. भावाला हे नाव आपणच दिलं, हे बायकोला कुठल्या तोंडाने सांगणार? तुम्हीच समजवा भाऊजी, तुमचं ऐकतील, अशी तिने गळ घातली. धाकटा म्हणाला, जबरदस्ती नको, आणि इथे धूळ खात पडण्यापेक्षा मी घेऊन जातो. वायर वहिनीनेच नीट गुंडाळून दिली, वर आभार मानले.

बोटं आखडत गेली. आता मूठ उघडतच नाही, नखं तळव्यात रुततात. रविवारी वहिनी नेलकटर घेऊन बसते आणि भाऊजींना हात धरायला सांगते. तो एकेक बोट ओढून सरळ करतो, लागतो त्याहून जरा जास्त जोर लावून. दुखतंय का हो, ती विचारते. दादा भिंतीकडे तोंड फिरवतो.