बिस्किटांचा पुडा आणि मी

मी होडी बोलतेय. नायजर नदीकाठी, गाओ शहराच्या खालच्या अंगाला एका घाटावर पालथी पडलेय.

मला सेयनी नावाड्यानं घडवलं. अकरा वर्षं मी माणसं, बाजरी, सुकी मासळी पलीकडे पोचवली. मग बंडखोर बंदूकवाले आले. त्यांनाही नेलं, बंदुकीपुढे नाही म्हणायची सोय नसते. त्यांना हुसकायला परदेशी फौज आली, तेव्हा गावानं हात हलवून स्वागत केलं.

फौजेच्या अधिकाऱ्यानं घाटावर दुभाष्यामार्फत विचारलं, "पलीकडे कुणाला सोडलंस?"

"ज्याच्या हाती बंदूक, त्याला. उद्या साहेबांनाही सोडीन," सेयनी म्हणाला.

दुभाष्यानं एवढं सगळं दोन शब्दांत उरकलं. मग ते सेयनीला गाडीमागे घेऊन गेले. बऱ्याच वेळानं तो परतला, तेव्हा हातात बिस्किटांचा पुडा होता.

"कशाबद्दल रे ही?" शेजारच्या झैनाबूमावशीनं विचारलं.

"दिली, घेतली."

तिसऱ्या दिवशी हेलिकॉप्टरनं पैलतीरावरच्या भातखाचरांवर गोळ्या झाडल्या. तिथं मावशीचा मुलगा हामा काम करत होता.

त्यानंतर माझ्यात कुणी पाय ठेवेना. "काय सेयनी, गोड होती का बिस्किटं?" लोक लांबूनच विचारायचे. मावशी मात्र त्याच दिवशी हामाला आणायला चढली. दुसरी होडीच नव्हती. ती त्याच्याकडे तोंड करून बसली.

"मावशी, पुढे बघून बस ना."

"तुझ्याकडे पाठ करायचा धीर नाही मला. तू वल्हव."

हामाच्या मांडीत गोळी होती. परत येताना तो कण्हत म्हणाला, "आई, बंदूकवाल्यांची गाडी आमच्या बाभळींखाली लपली होती. वरूनच दिसली असेल."

"असेल," मावशी म्हणाली. सेयनीवरची नजर काही तिनं काढली नाही.

हामा वाचला, लंगडतो. गावानं वरच्या घाटावरून दुसरी होडी आणली. सेयनीनं मला पालथं घातलं.

काल तो माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाला, "मी त्यांना काही सांगितलं नाही, हे तुला तरी पटतं ना?"

काय सांगू? मी पाण्यात होते, तो गाडीमागे. त्यानं मला स्वतःच्या हातांनी घडवलंय, तरी छातीवर हात ठेवून मी साक्ष देऊ शकत नाही.

कुणीतरी मला सुलटी करा, पाण्यात लोटा. रिकामं पडून राहिलं की नको ते मनात येतं.