शेंगा वाळेपर्यंत

सहा इंच. आमच्या वसाहतीत गवत त्याहून वाढलं की रहिवासी असोसिएशनचं पत्र आलंच म्हणून समजा. असोसिएशनच्या कमिटीवर मी आठ वर्षं आहे, त्यामुळे शिव्या खायची सवय आहे. पण शेजारच्या व्हर्नाला पत्र गेलं तेव्हा माझ्याच अंगाचा तिळपापड झाला.

तिच्या पुढच्या अंगणात ब्लूबॉनेट होती, टेक्ससची निळी रानफुलं. तिच्या नवऱ्यानं, हार्लननं, नोव्हेंबरात पेरलेली. आपल्या आईच्या शेताच्या कडेनं बी गोळा करून ठेवलं होतं त्यानं. ते शेत विकलं गेलं, आता तिथं पेट्रोलपंप आहे. केमोनं हात थरथरत होते, तरी स्वतः खाली बसून पेरलं. जानेवारीत गेला. मार्चमध्ये अंगण निळंशार झालं, लोक गाड्या थांबवून फोटो काढायचे. तेव्हा नाही आलं हं कुणाचं पत्र! मे लागला, फुलं गेली, झाडं पिवळी पडली, शेंगा धरल्या, की लगेच ‘दहा दिवसांत कापा’.

टेक्ससमध्ये शाळकरी पोरांनाही ठाऊक असतं, शेंगा वाळून तडकेपर्यंत हात लावायचा नाही. बी जमिनीत पडलं तरच पुढच्या वर्षी फूल.

“दुकानात मिळतं गं बी,” व्हर्ना म्हणाली, “पण ते हार्लनचं नाही ना. मला फक्त दोन आठवडे मिळवून दे, बाई.”

गुरुवारच्या सभेत मी टेबल बडवून भांडले. “लाज नाही वाटत? नवरा जाऊन चार महिने झालेत तिचा!” मिळाले दोन आठवडे. तशीच व्हर्नाकडे गेले, तिनं मला घट्ट मिठी मारली. घरी माझा नवरा ड्वेन बेसबॉल बघत बसला होता. पत्र आलं तेव्हा त्याच्यापुढे मीच आकांडतांडव केलं होतं, पण मुदत मिळाल्याचं सांगायचं राहून गेलं. आणि ड्वेन पडला ओहायोचा. तीस वर्षं इथं काढली, पण फुलं गेली की त्याला सगळं तणच.

शनिवारी सकाळी सगळ्या गल्लीत गवत कापायची मशिनं घरघरत असतात. मी लक्षच दिलं नाही. ड्वेन घामाघूम होऊन आत आला.

“व्हर्नाचं काम उरकलं एकदाचं. आता बघतो कोण पत्र पाठवतं ते!”

मी धावत बाहेर गेले. अंगण सपाट. कडेला हिरव्या शेंगांचा चुरा. तेवढ्यात व्हर्नाची गाडी आली. ती उतरली, दार धरून उभी राहिली. मग म्हणाली, “अरे ड्वेन, किती छान केलंस! ये, बर्फ घातलेला चहा घे.”

दुपारी गेले तर ती स्वयंपाकघरात चुऱ्यातून वेचलेल्या चाळणीभर शेंगा घेऊन बसली होती. एक सोलली, दाणा नखानं दाबला. पांढरं पाणी आलं. बी कच्चंच होतं.

“चूक माझी आहे गं,” मला रडू आवरेना. “त्या मूर्खाला आत्ता आणून उभा करते तुझ्यापुढे.”

“खबरदार त्याला काही बोललीस तर.” तिनं दुसरी शेंग उचलली. “शेवटच्या आठवड्यात हार्लननं त्याचा हात धरून सांगितलं होतं, माझ्यामागं व्हर्नाच्या अंगणाकडे बघ. शब्द पाळला बिचाऱ्यानं.”

पुढच्या शनिवारी ड्वेन पुन्हा मशीन ढकलत तिच्याकडे गेला. कापायला काही नव्हतंच तिथं, तरी कोपरान् कोपरा निगुतीनं कापत होता. व्हर्ना दारात उभी राहून त्याला हसून हात करत होती. मला ते बघवेना.