बुधवारची पिशवी

मित्रांनो, दाराजवळच्या खुंटीवर एक खाकी पिशवी लटकते आहे ना, ती मी. जुनी आहे, दोन ठिकाणी रफू केलेली आहे आणि माझा एक बंद खाकी, तर दुसरा निळा आहे. नाक मुरडू नका. त्या निळ्या बंदाचीच तर गोष्ट सांगायची आहे.

मी जन्मापासून पिशवी नव्हते. आधी मी टपालाची थैली होते. इथून दूर, दुसऱ्या एका देशात, एका पोस्टमनच्या खांद्यावर मी बावीस वर्षं काढली. हा माणूस पत्त्याचा मोठा पक्का. अर्धवट पत्ता असो, पावसात पुसलेलं अक्षर असो, पत्र बरोबर त्याच दारात पडायचं. "पस्तीस वर्षांत माझं एक पत्र चुकलं नाही," हे वाक्य त्यांनी घरात इतक्या वेळा ऐकवलं होतं, की ते सुरू झालं की त्यांची बायको न बोलता नुसते ओठ हलवून त्यांना साथ द्यायची. खोटं कशाला बोलू, मलाही त्या वाक्याचा भारी अभिमान होता. पत्रं शेवटी माझ्याच पोटातून जात होती.

ते निवृत्त झाले आणि टपाल खात्यानं मला त्यांच्यासोबतच घरी धाडलं. मग तीन वर्षं मी माळ्यावर पडून होते. शेजारी एक फुटकी बादली. बोलायला कोणी नाही. ज्या वस्तूला रोज उन्हातान्हात फिरायची सवय, तिला अंधारात गप्प बसवलं की तिचं काय होतं, ते मी सांगत बसत नाही. माझ्या शिवणीत कसर लागली, एवढंच सांगते.

मग एक दिवस घरात एकच गलका झाला. पोस्टमन आजोबा आणि त्यांच्या बायकोनं, म्हणजे आजींनी, चर्चच्या कामासाठी दीड वर्ष परदेशी जायचं ठरवलं होतं. त्यांची मंडळी निवृत्त जोडप्यांना असं सेवेला पाठवायची. मुलगी चिडली. या वयात लोक गुडघ्यांना तेल लावत बसतात आणि तुम्ही मिशनरी व्हायला निघालात, म्हणाली. जावई समजूत घालून थकला. आजी आयुष्यभर इस्पितळात परिचारिका होत्या, कोणी कितीही आरडाओरडा केला तरी त्यांच्या हातातलं काम थांबत नसे. त्यांनी शांतपणे माळ्यावरून मला खाली काढलं, चांगलं दोनदा धुतलं, उसवलं आणि माझी पिशवी शिवली.

आता बघा, बंद त्यांनी मुद्दाम लांब आणि दोन बाजूंना दोन लावले. कारण त्या सेवेत एक नियम होता. कुठंही एकट्यानं जायचं नाही, जोडीनंच जायचं. आणि आजोबांची चाल पोस्टमनची. बोलता बोलता दहा पावलं पुढे. आजी म्हणाल्या, "एक बंद तुम्ही धरा, एक मी. म्हणजे पळणार नाही तुम्ही."

तर अशी मी विमानात बसून परक्या देशात आले. त्यांना तळमजल्यावर दोन खोल्या मिळाल्या होत्या. पहाटे पाचला गजर व्हायचा. आजोबा तो बंद करायचे आणि आजी त्यांना उठवायच्या. खाटेच्या कडेला दोघं शेजारी बसून प्रार्थना करायचे. मग भिंतीवर चिकटवलेल्या चिठ्ठ्या वाचत नवी भाषा घोकायची. नळाला, खुर्चीला, आरशाला, सगळ्यांना त्यांनी चिठ्ठ्या लावल्या होत्या. मलाही एक टाचली होती. दिवसभर चर्चच्या कचेरीत आजी कागदपत्रं लावायच्या आणि आजोबा गळके नळ, करकरणारी दारं, बंद पडलेली घड्याळं यांच्या मागे असायचे. दुपारनंतर भेटीगाठी. आजारी माणसं, एकटी माणसं, नुकतंच बाळ झालेल्या पोरी. रविवारी फोनच्या पडद्यावर नातवंडं दिसायची. धाकटी नात दर वेळी एकच विचारायची, आजी, अजून किती झोपा? आजी हसून आकडा सांगायच्या आणि फोन ठेवला की भांडी घासायला लागायच्या, घासलेलीसुद्धा.

नवव्या महिन्यात चर्चच्या पाळकांनी, म्हणजे धर्मगुरूंनी, आजोबांना एक चिठ्ठी दिली. फोनवरून घाईत उतरवून घेतलेली. इमारतीचा पत्ता, 'तिसरा मजला, डावीकडचं दार' आणि खाली एवढंच, 'एकटे राहतात की एकट्या, ते कळलं नाही, सोबत हवी आहे.' पाळक म्हणाले, उद्या नीट विचारून नाव सांगतो. आजोबांनी हात झटकला. "पत्ता आहे ना? मग नाव कशाला?"

बुधवारी चार वाजता आम्ही निघालो. माझ्या पोटात पाव, सूप आणि चार संत्री. जिना चढून आजोबांनी डावीकडचं दार बरोबर ठोठावलं. दार एका म्हाताऱ्या शिंप्यानं उघडलं. कंबर वाकलेली, गळ्यात मोजपट्टी. आजींनी मोडक्यातोडक्या भाषेत विचारलं, आमची वाट बघत होता ना? त्यानं दोघांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "हो. केव्हापासून."

पुढचे आठ महिने एक बुधवार चुकला नाही. आजी शिंपीकाकांच्या कंबरेला शेक द्यायच्या, औषधाच्या पुड्यांवर वार लिहून ठेवायच्या. आजोबांनी त्यांची खिडकी दुरुस्त केली. काकांनी त्यांना भाषा शिकवली, पण सगळी कापडाचीच. बाजारात भाजी घेताना आजोबा "जरा सैल द्या" म्हणायचे. निघण्याआधी तिघं मिळून एक प्रार्थनागीत म्हणायचे. तिघांत मिळून सूर एकही नव्हता. पण काय हसायचे, बाबा, काय हसायचे. काकांची बायको गेल्यापासून त्या खोलीत कोणी हसलं नव्हतं.

परतायला तीन बुधवार उरले होते. जिन्यात आजोबा दम घ्यायला थांबले, आजी आपल्या नादात पुढे गेल्या आणि माझा एक बंद टर्रकन तुटला. संत्री गडगडत खाली गेली. आजी ओरडल्या, आजोबा संत्र्यांमागे, नुसता गोंधळ. तेवढ्यात वरच्या कठड्यावरून कोणीतरी वाकलं. पांढऱ्या केसांच्या एक बाई होत्या, हातात काठी.

"तुम्ही बुधवारचे ना?" त्यांनी विचारलं. "चर्चमधले?"

आजी हसून म्हणाल्या, हो, इथं तिसऱ्या मजल्यावर येतो आम्ही.

"तिसरा मजला हा आहे," बाई म्हणाल्या. "माझा."

मित्रांनो, आजोबांच्या देशात जमिनीला लागून असलेल्या मजल्यालाच पहिला म्हणतात. इथे त्याला, तुमच्याकडे म्हणतात तसं, तळमजला म्हणायचं आणि पहिला त्याच्या वर. ते स्वतः तळमजल्यावर राहत, कचेरीही तळमजल्यावर, त्यामुळे मोजायची वेळच कधी आली नव्हती. आजोबांनी खिशातून ती चिठ्ठी काढली. वाचली. वर पाहिलं, खाली पाहिलं, आणि एक संत्रं हातात धरून ते पायरीवर बसले. पस्तीस वर्षांत एक पत्र चुकलं नव्हतं.

बाई शाळेत शिक्षिका होत्या. गुडघे गेल्यामुळे दोन वर्षं जिना उतरल्या नव्हत्या. त्या काही चढ्या आवाजात बोलल्या नाहीत. म्हणाल्या, पाळक म्हणाले होते की एक वयस्कर जोडपं येईल. दर बुधवारी खिडकीतून तुम्हाला येताना बघते. वाटायचं, आज वर येतील. आणि फोन परत का नाही केला, तर दुसऱ्यांदा मागणं जमलं नाही. एवढं बोलून त्या आत गेल्या आणि दार हळूच लागलं. धाडकन लागलं असतं तर आजींना कमी लागलं असतं.

त्या दिवशी कोणी गाणं म्हटलं नाही. शिंपीकाकांनी दाराआडून सगळं ऐकलं होतं. त्यांनी मला ठेवून घेतलं, पुढच्या बुधवारी बंद लावून देतो म्हणाले. म्हणून मला जे कळलं ते तेव्हा दुसऱ्या कोणालाच माहीत नव्हतं. काका यंत्रावर बसायचे, टाके घालायचे, उसवायचे, परत घालायचे. निळा बंद तीनदा लावला आणि तीनदा काढला. आणि मशिनशी बोलायचे, एकटी माणसं बोलतात तसे. म्हणायचे, सांगायला हवं होतं.

पुढचा बुधवार आला. आजी-आजोबा पहिल्यांदा अख्खा जिना चढून वर गेले. काकांनी मला आजींच्या हातात दिलं होतं, नव्या निळ्या बंदासकट. आजींनी दार वाजवलं. दार उघडलं नाही. आत काठी टेकल्याचा आवाज आला, मग तोही थांबला. आजोबांनी टोपी काढली आणि चुरगाळत उभे राहिले. त्यांना वाटत होतं, आता हे असंच मागे टाकून घरी जायचं, आणि ते त्यांना झेपत नव्हतं. आजींनी दारासमोरच डोळे मिटले.

"देवा, तू पत्ता बरोबर दिला होतास," त्या त्याच मोडक्यातोडक्या भाषेत म्हणाल्या. "आम्हीच एक मजला कमी चढलो. या बाईंना क्षमा करायला जमलं नाही तरी आमची तक्रार नाही. पण त्यांना एकटं ठेवू नकोस."

मागून जिन्यात फरफट ऐकू आली. शिंपीकाका कठडा धरून एकेक पायरी चढत होते. वर पोचायला त्यांना चांगली पाच मिनिटं लागली. आल्यावर त्यांनी दाराकडे तोंड केलं.

"बाई, नाही उघडलंत तरी चालेल, पण ऐका. पहिला बुधवार यांनी चुकवला. बाकीचे मी चोरले. जिना झाडणारीनं मला दुसऱ्याच महिन्यात सांगितलं होतं, वरच्या बाई चर्चच्या जोडप्याची वाट बघतात म्हणून. मी गप्प राहिलो. हे वर आले असते, तर मी परत एकटा पडलो असतो."

आजोबांनी त्यांच्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता रागावतील. रागावायला हक्कही होता. पण त्यांनी काकांचा दंड धरला, कारण काकांचे पाय लटपटत होते.

कडी वाजली. बाई दारात उभ्या होत्या, डोळे लाल. त्यांनी आधी काकांकडे पाहिलं.

"त्या कंबरेनं चढलात?"

"अठरा पायऱ्या आहेत," काका म्हणाले. "अकरा वर्षं खाली राहतोय, पण कधी मोजल्या नव्हत्या."

"मीही नाही," बाई म्हणाल्या. मग आजींचा हात धरला. "रागावले होते मी. अजूनही थोडी आहे. पण बुधवारी चार वाजता मी रेडिओ लावत नव्हते. तुमचं गाणं खालून वर यायचं. इतकं बेसूर, की पुढची ओळ मीच बरोबर करून म्हणायचे."

दीड वर्षात नातवंडांच्या फोननंतरही न रडलेल्या आजी तिथं उंबरठ्यावर रडल्या. बाईंनी सगळ्यांना आत घेतलं. कप चार निघाले, चारही वेगवेगळे. त्या दिवशी गाणं म्हटलं आणि पहिल्यांदाच एक सूर बरोबर लागला, बाईंचा.

शेवटच्या बुधवारी आजींनी मला बाईंच्या दाराजवळच्या या खुंटीवर अडकवलं. बाईंच्या हातात निळा बंद दिला आणि काकांच्या हातात खाकी. त्यांना म्हणाल्या, "एक तुम्ही धरा, एक तुम्ही." मग दोघं गेले. जिना उतरताना आजोबा, पुढे न पळता, आजींच्या बरोबरीनं उतरत होते. मी नव्हते तरी.

मी दुःखी आहे का? छे. मला दोन घरांनी वापरलं, दोन देशांनी पाहिलं, आणि मी आयुष्यात एकदाच तुटले ते नेमकं जिथं तुटायला हवं होतं तिथं. याहून जास्त काय मागायचं एका पिशवीनं? आता दर बुधवारी काका वर येतात. बाई एका हातानं कठडा धरतात, दुसऱ्या हातानं मला. पहिल्या महिन्यात आम्ही खालच्या वळणापर्यंत गेलो. मग काकांच्या दारापर्यंत. आणि मागच्या बुधवारी, मित्रांनो, बाईंनी दोन वर्षांनी रस्त्यावर पाय ठेवला. उन्हाकडे बघत उभ्या राहिल्या.

परवा आजोबांचं पत्र आलं. पाकिटावर टपोऱ्या अक्षरांत लिहिलं होतं, 'तिसरा मजला, खरा तिसरा.' खाली आजींनी जोडलं होतं, "पस्तीस वर्षांचं ते वाक्य आता हे म्हणत नाहीत, आणि मला तर चुकल्याचुकल्यासारखं होतं."

तेव्हा एवढंच सांगते. घरातली जुनी वस्तू माळ्यावर टाकण्याआधी एकदा धुऊन बघा, तिचा तुटलेला बंद शिवून बघा, रंग जुळला नाही तरी चालेल. आणि कोणाच्या दारी निघालात, तर तिथंच थांबू नका. वरही कोणी असेल, जरा चढून विचारा.

बरं, पुरे आता. आज बुधवार आहे आणि चार वाजलेत. जिन्यात पावलं वाजतायत. सोळा, सतरा, अठरा. आले काका.