कर्नलसाहेबांनी खाली ठेवलेला पेला

माझा लेक मुत्लक हट्टी आहे आणि तो माझ्यावर गेलाय, असं अख्खी वस्ती म्हणते. साफ खोटं. माझा हट्ट निदान कामाचा तरी असतो.

नदीकाठच्या लढाईत त्याने पेटलेल्या रणगाड्यातून तिघांना बाहेर ओढलं. चौथ्यासाठी पुन्हा आत हात घातला, तेव्हा वरचं लोखंडी झाकण हातावर आदळलं. चौथाही वाचला, पण माझ्या लेकाचा उजवा हात मनगटापासून गेला. पुढे राजधानीहून, अम्मानहून, पदक घ्यायला बोलावणं आलं, तर हा जाईना. म्हणाला, "सलाम कुठल्या हाताने ठोकू, आई?"

तेही मी सोसलं असतं. पण नोफाचं काय? अबू हायेलची नोफा आणि हा, दोघांचं जमलेलं लढाईआधीच सगळ्यांना ठाऊक होतं, मागणी घालायचीच काय ती बाकी होती. आता मी मागणी घालायचं नाव काढलं की हा म्हणायचा, "असला थोटा तिच्या गळ्यात कशाला बांधतेस?" अबू हायेल तरी काय करणार? मुलीचा बाप आपण होऊन मुलगी पुढे करत नाही. नोफा शेळ्यांचं दूध काढताना डोळे पुसायची आणि मला सांगायची, चुलीचा धूर गेला. शेळीपाशी कसली आली चूल?

पुरुषांच्या बैठकीतही तो बसेनासा झाला. आम्हा वाळवंटातल्या तंबूवाल्यांत कॉफी उजव्या हाताने द्यायची, उजव्यानेच घ्यायची. डावा हात पुढे करणं म्हणजे समोरच्याचा अपमान.

शेवटी पदकच आमच्याकडे आलं. ते घेऊन फौजेतले कर्नलसाहेब जीपने आले. आमचा तंबू तो केवढा, म्हणून बैठक अबू हायेलच्या तंबूत ठरली. मुत्लकला मी बजावलं, "पाहुणा पदक घेऊन तसाच परत गेला तर मला आई म्हणू नकोस." मग आला, आणि रिकामी बाही मांडीखाली दाबून कोपऱ्यात बसला. आम्ही बायका पडद्यामागे. त्या पडद्याला कुठे फट आहे ते मला बरोबर माहीत आहे.

अबू हायेलने साहेबांना कॉफी दिली. साहेब शहरातले, भला माणूस. पदकाची डबी उघडायला दोन्ही हात हवेत, म्हणून त्यांनी भरलेला पेला तसाच समोर गालिच्यावर ठेवला.

तंबूतल्या सगळ्यांच्या नजरा त्या पेल्यावर खिळल्या. पाहुण्याने न पिता पेला खाली ठेवला म्हणजे त्याचं काहीतरी मागणं असतं. ते मान्य झाल्याशिवाय तो पीत नाही, आणि तसाच उठून गेला तर यजमानाची अब्रू जाते. साहेब बिचारे डबीशी झटत होते.

अबू हायेल म्हणाला, "कॉफी घ्या, साहेब. जे मागाल ते दिलं."

"मी? मी तर द्यायला आलोय," साहेब म्हणाले.

जीपचा ड्रायव्हर आमच्याच लोकांतला. तो त्यांच्या कानाशी लागला, तसे साहेब लाल झाले. माझ्या मनात मात्र आनंदाच्या उकळ्या फुटल्या. देवाने दार उघडलंय, आता मीच ओरडून नोफाला मागते. मी तोंड उघडलं, तर नोफाने त्यावर हात ठेवला. "नको, काकू. त्याने मागायला हवं."

साहेबांनी थोडा विचार केला. मग हसून म्हणाले, "हा पेला मी या जवानाच्या वतीने ठेवला. मागणं त्याचं." आणि पेला उचलून त्यांनी मुत्लकपुढे ठेवला.

मुत्लक नुसता बघत बसला. आगीत चार वेळा हात घालणारा माझा वाघ, घोटभर कॉफीला घाबरला. ऊठ रे गाढवा, मी मनात म्हणत होते. ऊठ.

मग मांडीखालची बाही सुटली. त्याने डाव्या हाताने पेला उचलला, गुडघ्यांवर सरकत अबू हायेलपाशी गेला आणि पेला त्याच्यासमोर ठेवला. "काका, डावा हात आहे," तो म्हणाला. "राग मानू नका."

काय मागतोस, हे अबू हायेलने विचारलंच नाही. त्याने पेला उचलला आणि मुत्लकपुढे धरला, तोही डाव्या हाताने. सगळ्यांच्या देखत. "उजवा तू आमच्याच पोरांसाठी दिलास. या तंबूत डावा चालतो. पी, जावई."

बायकांनी जिभा हलवून असा काही आनंदाचा गजर केला की बाहेरचे उंट दचकले. मी रडले. चांगली हमसून रडले, लपवायचं काय त्यात? साहेबांनी पदक लावलं, जरा तिरकंच. मुत्लकने डाव्या हाताने सलाम ठोकला, आणि साहेबांनीही डाव्याच हाताने तो घेतला.

नोफाने मागून माझी ओढणी ओढली. "काकू, ती कॉफी केव्हाची थंड झाली असेल. त्याला म्हणावं, दुसरी गरम घे."

मी म्हटलं, "आता तूच सांग, बाई. माझं कुठे ऐकतोय तो."