टाकीचं पाणी

मी घरी आले त्या दिवशी माझ्या खोलीत एक पलंग, एक खुर्ची, दोन उशा, एकोणीस पुस्तकं आणि दोन खिडक्या होत्या. पडदे शून्य, पडद्यांच्या दोऱ्या शून्य. दाराला कडी नव्हती. तिच्या जागी स्क्रूची चार भोकं होती, सुतारी लांबी भरून बुजवलेली. एका भोकातली लांबी बोटाला ओली लागली, म्हणजे हे काम त्याच सकाळी उरकलं होतं.

"कडी गंजली होती," बाबा म्हणाले.

मी मान हलवली. कडी पितळेची होती.

आईचं खोटं याहून पक्कं होतं. मला कावीळ झाली म्हणून लांबच्या इस्पितळात ठेवलंय, असं तिने सगळ्या इमारतीला सांगितलं होतं. मनोरुग्णालयाचं नाव काढलं असतं तर लोकांनी आवाज खाली आणला असता. काविळीला मात्र लोक आवाज चढवून सल्ले देतात. समोरच्या काकू तर मला दारातच अडवायच्या. "तेल बंद आहे ना गं? डोळे बघू. हां, उतरलीये." मी खालची पापणी ओढून दाखवायचे, आणि त्या निरखत असताना माझे कान तापायचे. गोळ्यांमुळे हात थरथरत, तेही काविळीच्या अशक्तपणावर खपून गेलं. खोटं आईचं होतं, पण पापणी मीच ओढत होते.

मी पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत काम करते, हे आईच्या लक्षातून निसटलं. दुसऱ्या कुठल्या कचेरीने फळं पाठवली असती. आमच्या मॅडम एका दुपारी निर्जंतुक बाटल्या घेऊन दारात उभ्या राहिल्या.

"आपल्याच मुलीला कावीळ? शोभतं का आपल्याला!" स्वयंपाकघरातल्या नळाचं तोंड स्पिरिटने पुसत त्या म्हणाल्या. "पाणी कुठल्या टाकीचं येतं?"

बाबांनी पंपवाल्या काकांना वर बोलावलं. इमारतीची टाकी, पंप, चाव्या, सगळं त्यांच्याकडे असतं. ते दाराबाहेरच थांबले.

"घ्या, टाकीचंही घ्या," ते म्हणाले. "मी स्वतःच्या अंघोळीचा आळस करेन, टाकीचा नाही. पण आता काय उपयोग? ताईंच्या काविळीपायी इमारतीच्या रविवारच्या बैठकीत मला कामावरून काढणार आहेत. तळमजल्यावरचे साहेब तर येता-जाता हाक मारतात, काय कावीळदादा!"

हे मला ठाऊक नव्हतं. मी आईकडे पाहिलं. ती शेगडी पुसायला लागली. शेगडी स्वच्छ होती.

आमची तपासणी साधी असते. शंभर मिलिलिटर पाणी बारीक छिद्रांच्या गोल कागदातून ओढायचं, तो कागद ताटलीतल्या जंतूंच्या खाद्यावर ठेवून उबेच्या कपाटात ठेवायचा, आणि दुसऱ्या दिवशी उगवलेले ठिपके मोजायचे.

"एकही ठिपका आला नाही, तर काका सुटतील ना?" मी मॅडमना विचारलं.

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "हे तू विचारतेयस? कावीळ विषाणूची, आपण मोजतो जिवाणू. शिवाय हे पाणी आजचं. तू आजारी पडलीस तेव्हाचं कधीच गटारात गेलं. शून्य आलं तरी यांच्यावरचा ठपका कसा पुसणार?"

मलाही ते माहीत होतं. माझ्याशिवाय दुसरा काही पुरावा सापडतो का, तेवढं चाचपडत होते.

"मला कावीळ नव्हती."

"काय?" मॅडमना ऐकू गेलं नव्हतं. पुन्हा म्हणावं लागलं.

"मला कावीळ झालीच नव्हती. मी मनोरुग्णालयात होते. नैराश्य. जगावंसं वाटत नव्हतं."

मॅडमनी बाटलीचं झाकण लावलं, उघडलं, परत लावलं. नमुना बाद झाला. नव्या मुलींना त्या याच चुकीसाठी झापतात.

काका मात्र भडकले. "म्हणजे मी इतके दिवस शिव्या कशाच्या खाल्ल्या, ताई? टाकी दोनदा उपसली एकट्याने! पाठ कामातून गेली माझी!"

"चुकलं आमचं," बाबा म्हणाले.

"तुमचं चुकलं ते इथे. खाली कोणाला कळणार?" मग त्यांची नजर माझ्या हातांवर गेली आणि त्यांचा आवाज एकदम उतरला. त्याच आवाजापासून मी लपत होते. "बैठकीत सांगू का हे? नाही सांगितलं, तर घरीच बसावं लागेल मला."

"अहो दादा, नको हो," आई म्हणाली. तिच्या हातातलं फडकं पिळून दोरीसारखं झालं होतं. "डॉक्टरांचं निदान चुकलं म्हणा. उद्या पोरीकडे लोक कसे बघतील?"

काका माझ्या उत्तरासाठी थांबले होते.

"तुम्ही नका सांगू," मी म्हणाले. "मी येते."

रविवारी जिन्याखालच्या मोकळ्या जागेत मी दोन वाक्यं बोलले. पहिलं आजाराचं, दुसरं टाकीचं. समोरच्या काकू चपलेचा पट्टा बघत राहिल्या. तळमजल्यावरचे साहेब खाकरले आणि म्हणाले, "बरं. पुढचा विषय घ्या." काकांची नोकरी टिकली. आई बैठकीला आली नव्हती. घरी परतले तेव्हा तिने ताट वाढून ठेवलं होतं, आणि माझ्याकडे न बघता पाण्याचा पेला पुढे सरकवला.

सोमवारी मी कामावर रुजू होणार होते. निघण्याआधी टाकीचा नवा नमुना घ्यायला गच्चीवर गेले. शिडी काकांनी धरली.

"जपून हं, ताई. पडलात तर तेही माझ्याच माथी," ते म्हणाले आणि जीभ चावली.

मी हसायचा प्रयत्न केला. तो नीट जमला नाही. खाली उतरताना समोरच्या काकू जिन्यात भेटल्या. त्यांनी मला अडवलं नाही, भिंतीला लागून वाट दिली. माझी मान खालीच होती.

प्रयोगशाळेत मॅडमनी नमुना स्वतः न लावता माझ्या टेबलावर ठेवला. "लाव," एवढंच म्हणाल्या. हात थरथरत होते, म्हणून दोन्ही कोपरं टेबलावर टेकवून मी कागद बसवला. मंगळवारी उबेचं कपाट उघडलं, ताटली दिव्याखाली धरली, दोनदा मोजलं.

टाकीचं पाणी, शंभर मिलिलिटर. ठिपके: शून्य.