कार्डाचा मजकूर

“पंखा फिरतोय, म्हणजे आत करंट जातोय,” भाऊराव म्हणाले. “तरी गाडी पुढे सरकत नाही.”

चौतीस वर्षं पालिकेचे पाण्याचे पंप दुरुस्त केलेला माणूस. यंत्राला कान लावायची सवय. त्यांनी वायर बदलून पाहिली, प्लग दुसऱ्या बोर्डात लावला, कॉम्प्युटरच्या डब्यावरची धूळ पुसली. दरवेळी तेच. काळा पडदा, त्यावर इंग्रजीच्या चार पांढऱ्या ओळी, आणि पुढे काही नाही. मग ते बटण बंद करायचे.

शेवटी त्यांनी नीलमला बोलावलं. तिचं मुलुंड स्टेशनजवळ कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान. त्यांच्या मुलाच्या, सुबोधच्या वर्गातली. सुबोध पुण्याहून फोनवर म्हणाला होता, डबा भंगारात द्या, कार्ड मी मोबाइलवर करून पाठवतो. भाऊरावांनी ऐकलं नव्हतं. रविवारी त्यांच्या बायकोला, सुगंधाला जाऊन वर्ष होत होतं. कॉलनीतल्या लग्नांची, नामकरणांची, गेलेल्यांच्या पुण्यानुमोदनाची कार्डं पंधरा वर्षं तिनेच या कॉम्प्युटरवर जुळवली. तिच्या कार्डाला दुसऱ्या कुणाचा मजकूर नको, एवढंच त्यांचं म्हणणं. तिचा मजकूर होता या डब्यात, आणि आज गुरुवार उजाडला होता.

नीलमने त्या चार ओळी वाचल्या आणि एक बटण दाबलं. पडदा निळा झाला.

“झालं?”

“झालं. काका, हा बंद पडलाच नव्हता. आतल्या घड्याळाचा सेल संपलाय, म्हणून तो थांबून विचारतो. एफ-वन दाबलं की पुढे जातो. तुम्ही दाबलंच नाही ना.”

“ती बसायची तेव्हा तर आपोआप चालू व्हायचा.”

“आपोआप नाही काका.” नीलमने एक कार्ड उघडून दाखवलं. लग्न एकवीस सालचं, फाइलवर तारीख एक जानेवारी दोन हजार नऊ. त्यानंतरच्या सगळ्या फायलींवरही तीच. “सेल तेव्हापासून गेलाय. काकू रोज बटण दाबून चालवत होत्या.”

भाऊराव तारखांकडे बघत राहिले. त्या काळात ते याच खोलीत, चार हातांवर पेपर वाचत बसायचे.

“बदलायला किती वेळ लागतो?”

“दोन मिनिटं.”

हॉस्पिटलात डॉक्टरांनी सुगंधाला विचारलं होतं, पोटात किती दिवसांपासून दुखतंय. तिने आधी भाऊरावांकडे पाहिलं होतं, मग म्हणाली होती, झालं असेल वर्ष, पण चालत होतं.

“बदल तो सेल,” भाऊराव म्हणाले. “बोलली असती तर तेव्हाच बदलला असता.”

नीलमने सेल बदलला, आजची तारीख घातली आणि पुण्यानुमोदनाचं कार्ड शोधून उघडलं. ‘कालकथित’ या शब्दापुढे तळमजल्यावरच्या मालनबाईंचं नाव होतं. सुगंधाने शेवटचं कार्ड त्यांचं केलेलं. नीलम नाव बदलायला पुढे झाली, तर भाऊरावांनी खुर्ची ओढली. बटणांवर मराठी अक्षरं नव्हती. नीलम बोट दाखवायची, ते एका बोटाने दाबायचे. ‘सुगंधा भाऊराव जोंधळे’ लिहायला दहा मिनिटं गेली. ‘धा’ दोनदा चुकला.

मग तारीख, बुद्धविहाराचा पत्ता, वेळ. नीलमने सगळं पुन्हा वरपासून तपासलं आणि तळाशी थांबली. तिथे अगदी बारीक अक्षरांत एक ओळ होती. सुगंधाच्या प्रत्येक कार्डावर असायची.

अक्षरजुळणी : सुगंधा जोंधळे

“काका, ही ओळ काढू ना?” तिने हळूच विचारलं.

भाऊरावांनी चष्मा वर सरकवून ती वाचली.

“राहू दे. जुळवलेलं तिचंच आहे. आपण फक्त नाव बदललं.”

नीलमने प्रिंटर सुरू केला. एकेक कार्ड बाहेर येत गेलं, आणि भाऊराव शाई वाळेपर्यंत प्रत्येक कार्ड कडेने धरून उभे राहिले.